पाच माद्यांवरून केलेला निवाडा

ज्या माणसाला तुम्ही चारचौघांत खोटं ठरवलंत, तो खरा होता हे तुम्हाला कधी कळलं आहे का? आणि कळल्यावर ते त्याच चारचौघांत जाऊन सांगायला तुम्हाला किती दिवस लागले? मला कळायला पाच महिने लागले. सांगायला अकरा वर्षं लागली, आणि तेही अजून पुरतं सांगून झालेलं नाही. आत्मकथन लिहायला हे वय लवकरच आहे असं आई म्हणते. पण बाकीची प्रकरणं सावकाश लिहिता येतील. हे एक मी त्यातल्या माणसांच्या हयातीत लिहून ठेवते आहे.

सोनईत आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यातली मोठी खोली यंत्राची होती. पप्पांचा छापखाना. नगरमध्ये तोवर सगळं कॉम्प्युटरवर गेलेलं, पण पप्पांचं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन चालूच होतं. मागच्या खोलीत आई भाकरी थापायची आणि पुढच्या खोलीत मशीन तोंड उघडायचं, मिटायचं. दोन्ही आवाज इतके एकमेकांत मिसळलेले असत की मशीन थांबलं की आईचा हातही क्षणभर थांबायचा. घरभर शाई आणि रॉकेलचा वास. रविवारी चर्चहून आल्यावर मटणाचा रस्सा शिजायला लागला की तेवढ्यापुरता तो वास हटायचा. हिवाळ्यात आई हुलग्याची शेंगोळी करायची आणि पप्पा एका हातात ताटली धरून उभ्यानेच प्रूफ वाचायचे. प्रुफांवर लसणाचे डाग पडायचे. मी वाचायला शिकले ती त्या डाग पडलेल्या, टाकून दिलेल्या कागदांवर. पाठ्यपुस्तक नंतर आलं. आधी आली ती पत्रकं: हुंडाबंदीची, अंगात येणाऱ्या बाईच्या भोंदूपणाची, कालव्याच्या पाण्याची. आजोबांच्या ट्रंकेत मिशनच्या काळातल्या पुस्तिका होत्या, त्याही मी पाठ केल्या होत्या. जगात काहीही वाईट घडलं की त्यावर एक पान छापायचं आणि बाजाराच्या दिवशी वाटायचं, एवढं मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. त्याआधी काही करायचं असतं हे मात्र मी ऐकूनही शिकले नव्हते.

तसं ऐकलेलं होतं. पप्पांचा एक नियम होता आणि तो सगळ्या गावाला माहीत होता. ज्या पत्रकात कुणाचं नाव घेऊन आरोप असेल, त्याचं प्रूफ आधी त्या माणसाकडे घेऊन जायचं. त्याच्यासमोर उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, आणि त्याला काही म्हणायचं असेल तर तेही त्याच पत्रकात खाली छापायचं. एकदा एका सरपंचाविरुद्ध पत्रक निघालं. पप्पा सायकलवर त्याच्या वस्तीवर गेले. तो गोठ्यात धार काढत होता. पप्पांनी शेणात उभं राहून अख्खं पत्रक वाचलं. सरपंच धार न थांबवता म्हणाला, "मास्तर, दुसऱ्या ओळीत माझ्या आज्याचं नाव चुकलंय. तेवढं नीट करा, बाकी छापा." पप्पांनी खाली छापलं: ‘संबंधितांना प्रूफ वाचून दाखवले. त्यांनी आजोबांच्या नावातील चूक दाखवली, ती सुधारली आहे.’ गाव आठवडाभर हसलं. पण पप्पांच्या छापखान्यातल्या कागदाला वजन होतं ते या खालच्या बारीक ओळीमुळे. लोक आधी ती ओळ वाचायचे आणि मग वर जायचे.

रंगनाथतात्यांची रोपवाटिका आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. हिरव्या शेडनेटखाली वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या रोपांचे ट्रे, एका बाजूला लिंबाची कलमं आणि कुंपणाला एरंड. तात्या उंच, वाकलेले, बोलायला कमी. लहानपणी मी शाळेतून परस्पर तिकडे जायचे. त्यांनी मला रोप उचलायला शिकवलं. "देठाला धरायचं न्हाई, पोरी. देठ चेपला तर रोप मेलं. पानाला धर. पान गेलं तर दुसरं येतं." गयामावशी, त्यांची बायको, मला ‘येस्तर’ म्हणायची. एस्तेर हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. नाताळात ती फराळ घ्यायला यायची आणि दिवाळीत आमच्याकडे डबा पाठवायची. त्या दोघांना एक मुलगी होती, माझ्याहून चार वर्षांनी लहान.

पुढे मी कृषी महाविद्यालयात गेले आणि एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घेतलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम कोळी किडीवर काम करायच्या. पानाच्या खालच्या बाजूला राहणारी, आठ पायांची, टाचणीच्या डोक्यात चार-पाच मावतील एवढी ही कीड. ती रस शोषते, पान पांढरं पडतं, वर बारीक जाळं येतं. शेतकरी तिला सरसकट ‘लाल कोळी’ म्हणतो. पण लाल दिसणारे सगळे एक नसतात. त्यांच्या निरनिराळ्या प्रजाती आहेत आणि त्या ओळखायच्या तर अंगावरचे केस मोजावे लागतात. पाठीवर किती, पुढच्या पायाच्या टोकाकडच्या भागावर कसे जोडीने उगवलेले, नखांच्या मधे जो अवयव असतो तो केसांसारखा फाटलेला आहे की मुळी नाहीच, आणि शरीराच्या अगदी शेवटच्या टोकाशी, गुदद्वाराजवळ, केसांची एक जोडी आहे की दोन. टेट्रानिकस नावाची प्रजाती असेल तर एक जोडी. युटेट्रानिकस असेल तर दोन. आणि त्याच्या आतली नेमकी जात सांगायची तर नर लागतो. नर मादीहून लहान, निमुळता. त्याला काचपट्टीवर कुशीवर निजवायचा, कारण त्याच्या जननेंद्रियाचं टोक बाजूनेच दिसतं आणि तेच जातीची खूण असतं. पालथा पडला तर तो नमुना वाया. मॅडम एका केसाच्या सुईने त्याला कुशीवर वळवायच्या तेव्हा खोलीतला पंखा बंद करायला लावायच्या.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "नर नाही, तर नाव नाही." कुणी पाच-सहा माद्या पाहून उत्साहाने नाव सांगायला लागलं की त्या वहीवर पेन आडवं ठेवायच्या. दुसरं, "रंगावर जाऊ नका. खाल्लेल्या पानावर आणि हवेवर रंग बदलतो." तिसरं, काचपट्टी बनवल्यावर ती आठवडाभर उबेत ठेवायची. आतलं पोट विरघळून शरीर काचेसारखं पारदर्शक झालं की मगच केस मोजायचे. मी हे तिन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले होते. ती वही अजून आहे. लिहून ठेवलं की पाळलं, असं मला तेव्हा वाटायचं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही खोड असते.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी नमुने गोळा करायला घरी आले तेव्हा वांग्याचा हंगाम बसला होता. संक्रांतीनंतर लावलेली वांगी चैत्रात पांढरी पडली होती, शेंड्यांवर जाळं, फुलं गळालेली. ज्यांची गेली त्यांतल्या बहुतेकांनी रोपं तात्यांकडून नेली होती. आमच्या छापखान्यात बैठक बसली. सोपान नावाचा शेतकरी, पप्पांचा जुना सोबती, सगळ्यांत तापलेला होता. "कीड रोपासंगंच आली," तो म्हणाला. "ह्यो माणूस आपल्याला कीड इकतो." दुसरा कुणी म्हणाला, "तात्या तसला न्हाई." सोपान म्हणाला, "तसला न्हाई म्हणून तर इश्वास ठिवला." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात तेच शिकत होते. सोपानने थट्टा केली, "आता किड्याचीबी जात काढती का गं तू?" मी म्हटलं, "काढते. दोन्हीकडचे कोळी एकच निघाले तर कुठून आले ते कळेल." सोपानने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज लाज वाटते.

मी सोपानच्या शेतातून पानं घेतली. तिथे नरही मिळाले, माद्याही. मग तात्यांकडे गेले. तात्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते रागावले नाहीत. स्वतः ट्रे उलटेपालटे करून दाखवायला लागले. वांग्याच्या रोपांवर एकही कोळी नव्हता. मी मनात म्हटलं, विकायच्या आधी फवारलं असेल. मग लिंबाच्या कलमांवर आणि एरंडावर मला कोळी सापडले, पानाच्या वरच्या बाजूला, हिरवट तपकिरी. मी ते अल्कोहोलच्या छोट्या नळीत घेतले. तात्या वाकून पाहत होते.

"ह्यो त्यो न्हाई, येस्तर," ते म्हणाले.

"कशावरून?"

"ह्यो पानाच्या वरल्या अंगाला बसतो. जाळं धरत न्हाई. वांग्यावरला खाली बसतो आन् जाळं धरतो. रंगबी न्यारा हाय."

"रंगावर जायचं नसतं, तात्या," मी म्हटलं. मॅडमचं वाक्य मी तात्यांवर वापरलं.

"बरं बाई. तू शिकल्याली. पर काय निघंल ते आधी मला सांग. मग गावाला सांग."

"हो, सांगते की."

गयामावशीने ताक दिलं. पितळेच्या पेल्यात, वर जिरं. ते पिताना मी त्यांच्या लिंबांकडे पाहत होते, पुरावा पाहावा तशी.

घरी सूक्ष्मदर्शक नव्हता. गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी शाळेतला दिला. काच थोडी ओरखडलेली होती. तात्यांच्या नळीतून मला पाच माद्या मिळाल्या. नळीच्या तळाशी अजून गाळ होता, त्यात कदाचित नर असेल, पण गाळ उपसून पाहायचा म्हणजे एक दिवस जाणार आणि बाजार तीन दिवसांवर आलेला. काचपट्ट्या उबेत ठेवायला ओव्हन नव्हता. मी त्या चुलीच्या मागच्या ओट्यावर ठेवल्या आणि आठवड्याऐवजी दीड दिवसाने उचलल्या. पोट अजून गडद होतं. शेवटच्या टोकाचे केस त्या गडदपणाच्या आड होते. चार पट्ट्यांत काहीच धड दिसलं नाही. पाचवीत मला एक जोडी दिसली, म्हणजे मला हवी होती ती जोडी दिसली. दुसरी आत असू शकते हा विचार आला होता. तो आलाच नव्हता असं मी इथे लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. विचार आला, आणि मी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. फार चांगलं लिहिलं होतं, तेच वाईट झालं. ‘विश्वासाच्या ट्रेमध्ये विकली गेली कीड’ असं शीर्षक. ‘शास्त्रीय तपासणीत सिद्ध’ असे शब्द. रंगनाथ हे नाव, रोपवाटिकेच्या नावासकट. पप्पांनी छपाईचे शिशाचे खिळे जुळवले, प्रूफ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तू लिहिलंयस, तर वाचून दाखवायलाही तूच जा," ते म्हणाले. त्या वेळी त्यांना दम लागायला लागला होता, सायकल सुटली होती. मी कागद घेऊन निघाले.

तात्यांच्या दारात चपला होत्या. ओळखीच्या नसलेल्या, पॉलिश केलेल्या. ओसरीवर सतरंजी टाकलेली, आतून पोह्यांचा वास. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. तात्या पांढरा सदरा घालून बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं मोकळेपणाने, हसून बोलताना पाहत होते. त्यांनी मला कुंपणापाशी पाहिलं नाही. मी तिथे किती वेळ उभी होते ते आठवत नाही. पाहुण्यांसमोर वाचणं शक्य नव्हतं हे खरं. पण पाहुणे गेल्यावर परत येणं शक्य होतं. तासाभरात परत येता आलं असतं. मी कोपऱ्यावरच्या वडाखाली अर्धा तास काढला आणि घरी गेले.

"वाचून दाखवलंस?" पप्पांनी विचारलं.

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना संशय घ्यायची सवयच नव्हती, निदान घरात. त्यांनी बारीक खिळे उचलले आणि खालची ओळ जुळवली: ‘संबंधितांना प्रूफ वाचून दाखवले. त्यांनी काहीही उत्तर दिले नाही.’ मग मशीन सुरू झालं. आई मागच्या खोलीत भाकरी थापत होती.

ती एक ओळ नसती तर तात्या कदाचित तरले असते. वरच्या मजकुरावर गावाने वाद घातला असता. पण लोकांनी नेहमीप्रमाणे आधी खालची ओळ वाचली. उत्तर दिलं नाही म्हणजे उत्तर नव्हतं. पाहुण्यांकडेही कागद पोचला असणार, ते परत आले नाहीत. ते त्याच कारणाने आले नाहीत असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि तसं नव्हतं असंही कुणी सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी तात्या छापखान्यात आले. हातात पत्रकाची चौकोनी घडी. मी खिळ्यांच्या पेटीपाशी उभी होते. पप्पा त्यांना खुर्ची देत म्हणाले, "तात्या, तुमच्याशी असं वागायला मला बरं वाटलं नाही. पण प्रूफ वाचलं तेव्हा एक शब्द बोलला असतात तर मी तो छापला असता. तुम्हाला माझी रीत ठाऊक आहे."

तात्यांनी पप्पांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही, एवढं मला आठवतं. मी त्यांच्याकडेच पाहत राहिले आणि माझ्या डोळ्यांत जे असेल ते त्यांनी वाचलं. ते पप्पांना म्हणाले, "व्हय मास्तर. तवाच बोलाया पायजे हुतं."

ते खुर्चीवर बसले नाहीत. घडी खिशात घातली आणि गेले. पप्पा म्हणाले, "असा माणूस, आणि बघ कसा खचला." मी रॉकेलचा बोळा उचलून खिळे पुसायला लागले. त्या क्षणी बोलायला एका वाक्याची गरज होती. मी आयुष्यभर पानंच्या पानं लिहिली आहेत, भाषणं केली आहेत, मोर्च्यात माईक ओढून घेतले आहेत. ते एक वाक्य मला आलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर रोपं न्यायची वेळ आली आणि तात्यांचे ट्रे तसेच राहिले. रोपं उंच झाली, पिवळी पडली, वाकली. शेवटी त्यांनी ती उकिरड्यावर टाकली. आईने मात्र त्यांच्याकडून वांग्याची चार रोपं आणून मोरीच्या पाण्यावर लावली होती. मी विचारलं, "आई, कशाला?" ती म्हणाली, "भरितासाठी." त्या चार झाडांवर कोळी आले नाहीत. मी रोज भांडी घासायला मोरीवर जायचे, तेव्हा पानं उलटून पाहायचा मोह मी टाळायचे, कारण वरूनच दिसत होतं की ती हिरवीगार आहेत. श्रावणात त्यांचं भरीत झालं. आईने ते आधी माझ्या ताटात वाढलं.

दिवाळीच्या आधी मॅडमनी माझे सगळे नमुने मागवले. नावं निश्चित करायची वेळ आली होती. तात्यांच्या नळीतला गाळ त्यांनी बशीत ओतला, भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, "हा बघ, इथे नर आहे. का काढला नाहीस?" पंखा बंद झाला. त्यांनी त्याला कुशीवर निजवलं. सोबत तीन माद्याही लावल्या. पट्ट्या आठवडाभर उबेत राहिल्या. आठव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि स्वतः बाजूला सरल्या.

शरीर काचेसारखं झालं होतं. शेवटच्या टोकाशी केसांच्या दोन जोड्या होत्या. इतक्या स्वच्छ की मोजायलाही लागत नव्हतं. पायाच्या टोकाशी, जिथे शेतातल्या कोळ्याला केसांचा झुबका होता, तिथे इथे काहीच नव्हतं. नराचं जननेंद्रियही निराळं. प्रजातीच वेगळी होती. लिंबावरचा कोळी लिंबावरचाच होता, वांग्याशी त्याचा संबंध नव्हता. सोपानच्या शेतातले कोळी कुठून आले ते मॅडमनी माझ्या टिपणांतूनच काढलं. त्याने आदल्या हंगामातल्या वांग्याच्या काड्या बांधावर रचून ठेवल्या होत्या, आणि शेजाऱ्यांनीही. तिथून ते चालत आले होते, वाऱ्याबरोबर आले होते.

मॅडमनी माझी जुनी पट्टी उचलली. तिच्यावर माझ्या अक्षरात टेट्रानिकस लिहिलं होतं. "याला हे नाव कुणी दिलं?"

"मी."

"नर होता?"

"नव्हता."

"हे कुणाला सांगितलंस तर नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही." तीन वेळा माझ्यासमोर दार उघडलं आणि तिन्ही वेळा मी ते लावून घेतलं. मॅडमनी लेबल खरवडायला ब्लेड दिलं. माझ्या प्रबंधात ती नोंद अचूक आहे. लिंब आणि एरंड, युटेट्रानिकस, नर एक, माद्या आठ, शरीराची मापं, आकृती. परीक्षकांनी आकृतीचं कौतुक केलं. तो प्रबंध महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे आणि सोनईतल्या एकाही माणसाने तो वाचलेला नाही. पत्रक मात्र सगळ्यांनी वाचलं होतं.

हे वाचून लोक मला विचारतील की तेव्हाच दुसरं पत्रक का काढलं नाही. प्रजाती चुकली हे मी छापू शकले असते. ती शास्त्रातली चूक होती, तिच्याबद्दल पप्पांनी मला उलट शाबासकी दिली असती. पण दुरुस्तीचं पत्रक निघालं असतं तर पप्पा ते घेऊन आधी तात्यांकडे गेले असते, कारण त्यातही तात्यांचं नाव असणार. आणि मग तात्यांना विचारावंच लागलं असतं की पहिलं प्रूफ कुणी वाचून दाखवलं. पप्पांचा छापखाना ज्या एका ओळीवर उभा होता ती मी खोटी केली होती. हे त्यांना कळू नये म्हणून मी तात्यांना तसंच राहू दिलं. पप्पांची छाती दिवसेंदिवस वाईट होत गेली. ते बरे झाले की सांगू, असं मी म्हणत राहिले. मग पप्पा गेले. त्यांच्या अंत्यप्रार्थनेच्या दिवशी तात्या चर्चबाहेर चपला काढून उभे होते. आत आले नाहीत. ते तिथे का आले याचा मी अजून विचार करते.

त्यानंतर तात्यांनी रोपवाटिका मोडली. शेडनेट उतरलं, जमीन वाट्याने दिली. मुलीचं लग्न उशिरा झालं, तिचा नवरा नगरला असतो, आणि तात्या-मावशी तिच्याकडे सावेडीत राहायला गेले. गेल्या वर्षी मी तिथे गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीत एकही कुंडी नव्हती. गयामावशीने दार उघडलं, मला ओळखलं, आणि वाटेतून बाजूला व्हायला थोडा वेळ घेतला.

"आलीस का," ती म्हणाली. "लई मोठी झालीस म्हनं. पेपरात लिहिती."

तात्या खुर्चीत होते, कानात यंत्र. मी सगळं सांगितलं. केसांच्या दोन जोड्या, नर, ब्लेड, पाहुण्यांच्या चपला, वडाखालचा अर्धा तास. मोठ्याने सांगावं लागलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं, आणि स्वयंपाकघरात त्यांची मुलगी भांडी लावता लावता थांबली ते मला ऐकू आलं.

तात्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाले, "मला कशापायी सांगती? मला म्हाईत हुतं की. ह्यो त्यो न्हाई म्हणून मीच तर सांगितलं हुतं तुला."

"पप्पांसमोर तुम्ही खरं का बोलला नाहीत?"

"तुझा बाप धापा टाकीत हुता," ते म्हणाले. "त्येला त्या दिशी तुझ्याबद्दल काय सांगायचं?" आणि माझ्याकडे वळून, "आन् तू बोलशील असं वाटलं. आज न्हाई तर उद्या बोलंल, शिकल्याली हाय."

गयामावशी चहा घेऊन आली होती. तिने कप माझ्यासमोर ठेवला, जरा जोरातच. "ह्यांनी वाट बघितली," ती म्हणाली, "म्या न्हाई बघितली. तू रोपं जाळलीस आमची, येस्तर, पर त्याचं मला काय न्हाई. उन्हानंबी जळत्यात. ह्यो मानूस तीस वरीस रोपाशिवाय दुसरं बोलला न्हाई. त्या कागदानंतर एकानं, एका मानसानं, त्येंना रोपाचं इचारलं न्हाई. गावाला गेलो तर लोकं तब्येत इचारत्यात. तब्येत."

तात्या म्हणाले, "जाऊ दे की." ती म्हणाली, "जाऊच दिलं." मी चहा प्यायले. माफ केलं असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही आणि मी ते मागितलंही नाही. उठताना तात्या एवढंच म्हणाले, "मला सांगून झालं. आता ज्येंना म्हाईत न्हाई त्येंना सांग."

म्हणून हे प्रकरण. सोनई आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ज्यांच्या घरात ते पत्रक वाचलं गेलं, त्यांना माझी विनंती आहे. तेव्हा ज्यांनी ते वाचलं होतं, त्या घरातल्या माणसांना बसवा आणि हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. रंगनाथतात्यांचं नाव गाळू नका आणि माझंही गाळू नका. मग सवड काढून सावेडीला जा. त्यांची माफी मागायला जाऊ नका, ते माझ्याकडे राहू द्या. त्यांच्या प्रकृतीची चौकशीही करू नका. खुर्चीजवळ बसा, जरा मोठ्या आवाजात बोला, आणि विचारा की तात्या, यंदा वांग्याचं रोप कोणतं लावू.